राहेलबाईचा पंचा

फार वर्षांपूर्वी, गोदावरीवर पूल नव्हता तेव्हा, बेथेलवाडीची माणसं काहिलीत बसून नदी ओलांडत. काहील म्हणजे गूळ शिजवायची भलीमोठी लोखंडी कढई. ती चालवायची राहेलबाई. विधवा बाई, पण तिनं वल्हं उचललं की नदी आपणहून वाट द्यायची, असं म्हणतात.

तिला एक मुलगी, दीना, आणि एक मुलगा, शमुवेल. शमुवेल दांडगा, वाडीतली सगळी पोरं त्याच्या मागे. वाडीतल्या ख्रिस्ती देवळाचा कारभार बघणारे पंच त्याच्यावर खूश. थोरले पंच याकोबराव मिशीवर हात फिरवत म्हणायचे, "हा खरा मर्द गडी होणार."

एके दिवशी पाणी द्यायला उशीर झाला म्हणून या मर्द गड्यानं बहिणीच्या थोबाडीत मारली. राहेलबाईनं ते पाहिलं. तिचा नवराही असाच हात उगारायचा. पोरगाही त्याच वाटेनं गेला तर?

ती ओरडली नाही. तिनं खुंटीवरचा पंचा काढून पोराच्या कंबरेला बांधला.

"येशूनं शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा कंबरेला असाच रुमाल बांधला होता. बस खाली. दीनाचे पाय धू."

"आये, पोरं हसतील मला."

"हसू देत. त्यांनाही घेऊन ये. पंचे पुष्कळ आहेत घरात."

पोरं आली ती हसायलाच. पण राहेलबाईनं त्यांना काठावर ओळीनं बसवलं, प्रार्थना करायला शिकवली आणि काहिलीतून उतरणाऱ्या प्रत्येकाचे पाय धुवायला लावले. मग घरी जाऊन आईचे, बहिणीचे. जात विचारायची नाही, तोंड वाकडं करायचं नाही. हळूहळू वाडीतल्या घरांमधून बायापोरींच्या रडण्याचे आवाज येईनासे झाले.

पंच खवळले. पोरांचं भलं कशात आहे हे म्हाताऱ्यांनाच कळतं, असं म्हणतात. म्हणजे, म्हातारेच म्हणतात.

याकोबराव काठावर येऊन गरजले, "राहेलबाई, पोरांच्या पार बायका करून टाकल्यात तुम्ही. हे थांबवा, नाहीतर शमुवेलला देवळात प्रभुभोजनाची भाकर मिळणार नाही. आणि पंच तर तो जन्मात होणार नाही."

"पंच व्हायला आधी पंचा लागतो, याकोबराव," ती म्हणाली आणि वल्हं उचललं.

"तुमच्या काहिलीत पाय ठेवणार नाही मी यापुढं!"

आणि त्यांनी शब्द पाळला. श्रावणात त्यांना पैलतीरी जायचं होतं. नदी फुगलेली, राहेलबाई नको म्हणत होती. त्यांनी गुऱ्हाळातली दुसरी काहील आणली आणि स्वतःच वल्हं मारत निघाले. मधोमध काहील भोवऱ्यासारखी गरगरली, बुडाली, आणि याकोबराव पुरात बुडालेल्या एका बाभळीच्या शेंड्याला लटकले. मिशीवाले सगळे पंच काठावर उभे राहून एकमेकांची तोंडं बघू लागले.

शमुवेलनं पंचा सोडला. पोरांनीही सोडले. गाठीवर गाठ मारून दोर केला, एक टोक शमुवेलच्या कंबरेला, दुसरं पोरांच्या हातात, आणि दोर धरणाऱ्यांत सगळ्यांत पुढं दीना. शमुवेलनं देवाचं नाव घेऊन उडी घेतली. पंचे ते किती, आणि नदी केवढी! पण शमुवेल जसजसा पुढं गेला, तसतसा दोर वाढत गेला. संपलाच नाही, असं म्हणतात. राहेलबाई काठावर गुडघे टेकून होती. तो याकोबरावांना पाठीवर घेऊन परतला, तेव्हाच ती उठली.

पोरं सवयीनं थोरल्या पंचांचे चिखलाचे पाय धुवायला वाकली. त्यांनी पाय मागे घेतले. मग म्हणाले, "दीना, बाळ, तो पंचा दे इकडं." तो त्यांनी स्वतःच्या कंबरेला बांधला आणि राहेलबाईच्या पायांशी बसले.

पुढं शमुवेल पंच झाला. त्याचा हात पुन्हा कुणावर उठला नाही.

आता नदीवर पूल आहे. तरीही पवित्र गुरुवारी, म्हणजे येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्या दिवशी, बेथेलवाडीतली पोरं पंचे बांधून काठावर जातात. ज्याला पंच व्हायचंय, त्यानं घरच्या बाईचे पाय सगळ्यांसमोर धुवायचे. मग देवळाचे पाळक तिला विचारतात, "बाई, घरीही हा असाच असतो का?"

ती हो म्हणाली, तरच तो पंच.