पोवळ्याचा हौद आणि सोनेरी मासा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा मासे बोलत आणि माणसांना ते ऐकू येई. ऐकून घ्यायचं की नाही, हा मात्र तेव्हाही ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न होता.

समुद्राकाठच्या एका राज्यात एक राणी होती. मनाने वाईट नव्हती, पण राग सदा नाकाच्या शेंड्यावर. तिचं माहेर दूरच्या बेटावर. सासरी निघताना आईने तिला दागिने दिले, वस्त्रं दिली आणि खाऱ्या पाण्याच्या पिंपात ठेवून एक जिवंत पोवळंही दिलं. त्याच्या फांदीफांदीवर बारीक गुलाबी तोंडं होती. वर्षभरात आई वारली. तेव्हापासून ते पोवळं म्हणजे राणीचा जीव की प्राण झालं.

राजाने त्याच्यासाठी महालाच्या अंगणात दगडी हौद बांधला. भरती आली की समुद्रापासून हौदापर्यंत खणलेल्या चरातून ताजं पाणी आत येई. पण नुसत्या पाण्यावर पोवळं जगत नाही. त्याची निगा राखणारे जीवही सोबत लागतात. म्हणून राजाने घरच्यांना आणि दरबाऱ्यांना सांगितलं, "ज्याला जो जीव उपयोगाचा वाटेल, तो त्याने आणावा."

राणीच्या नणंदेने ओंजळभर काळ्या गोगलगायी आणल्या. दिवाणजींनी समुद्रकाकडी आणली, काकडीच्या आकाराचा, वाळूत लोळणारा एक जाडजूड जीव. सेनापतींनी पट्ट्यापट्ट्यांची कोळंबी आणली. आणि बेटावरून राणीचा भाऊ आला, तो एक सोनेरी मासा घेऊन. फुलपाखरासारखा दिसणारा, लांबट तोंडाचा. राणीने पाण्यात बोट घातलं की तो धावत यायचा. राणी त्याला 'सोन्या' म्हणू लागली.

गोगलगायी पाहून मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या भावाने सोनं आणलं आणि तुम्ही चिखल आणलात, वन्सं?" ती भर अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली. नणंदेचाही चेहरा लाल झाला.

काही दिवस गेले. पोवळ्याच्या टोकांवरची गुलाबी तोंडं दिसेनाशी झाली आणि तिथे पांढरा, मेलेला दगड उरला. एका सकाळी राणी हौदापाशी आली, तर एक गोगलगाय नेमकी त्या पांढऱ्या टोकावर बसलेली.

"हीच ती!" राणी ओरडली. "काय गं, काय खातेस तिथे?"

"शेवाळ खाते, राणीसाहेब," गोगलगाय म्हणाली. "पोवळं मेलं की त्यावर शेवाळ चढतं. ते जिवंत भागावर पसरू नये म्हणून मी..."

"पुरे! आणणारी तशी आणि तूही तशीच." राणीने सगळ्या गोगलगायी वेचल्या आणि चरातून समुद्रात भिरकावून दिल्या.

नणंद धावत आली. "वहिनी, अहो, थोडं थांबून बघा तरी!"

"मला शिकवू नका. आईची एवढीच एक आठवण उरली आहे, तीही तुमच्या डोळ्यांत खुपते!"

नणंद आल्या पावली परत गेली. त्या दिवसापासून तिने अंगणात पाऊल टाकलं नाही.

गोगलगायी गेल्या आणि शेवाळ मोकाट वाढलं. पोवळं पांढरं पडतच राहिलं. राणीचा राग आता दुसरं कुणीतरी शोधू लागला. तिला वाळूत समुद्रकाकडी दिसली.

"तू काय खातेस?"

"वाळूतली घाण खाते, राणीसाहेब. स्वच्छ झालेली वाळू परत टाकते."

"घाणीत तोंड घालणारीला माझ्या हौदात जागा नाही." समुद्रकाकडीही गेली. वाळू काळी पडली आणि हौदाला कुजका वास येऊ लागला.

मग कोळंबीची पाळी आली. ती सोन्याच्या कल्ल्यात शिरलेली राणीला दिसली. "याच्या अंगावरच्या किडी वेचते आहे, तोच आपणहून माझ्याकडे येतो," एवढं कोळंबी म्हणते आहे, तेवढ्यात राणीने तिलाही उचलून चरात फेकलं.

आता सांगा, प्रत्येकाला विचारायचं आणि कुणाचंच ऐकायचं नाही, याला काय चौकशी म्हणायची? समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच निकाल ठरलेला! असल्या न्यायाची चीड येते. पण राणीसमोर बोलणार कोण?

निम्म्याहून जास्त पोवळं मेलं, तेव्हा राणी तडक राजाकडे गेली. "तुमच्या माणसांनी माझं पोवळं मारलं!"

राजाचाही तोल सुटला. "माझी माणसं? माझ्या बहिणीच्या गोगलगायी गेल्या. दिवाणजींची काकडी गेली, सेनापतींची कोळंबी गेली. आता त्या हौदात उरलंय कोण, ते एकदा जाऊन बघा!"

राणी तणतणत हौदापाशी आली. भर दुपार होती, पाण्यात सगळं लख्ख दिसत होतं. सोन्या पोवळ्यापाशी होता. त्याने आपलं लांबट तोंड पुढे केलं, एक गुलाबी तोंड खुडलं आणि गिळलं. मग शेजारचं खुडलं.

"सोन्या!" राणी किंचाळली. "काय खातोयस तू?"

मासा वळला. त्याच्या डोळ्यांत ना भीती होती, ना लाज. "पोवळं खातोय, ताईसाहेब. आमच्या कुळाचं अन्नच ते."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांना विचारलंत. मला कधी विचारलंच नाहीत."

राणीला राग अनावर झाला, पण आता तो काढायचा कुणावर? मासा आपल्या भुकेपुरतं खात होता. त्याला हौदात लाडाने ठेवलं होतं तिनेच. तिला स्वतःचाच इतका संताप आला, की रडूही फुटेना. तिने सोन्याला ओंजळीत घेऊन चरातून समुद्रात सोडलं. पोवळ्याचा लिंबाएवढा तुकडा तेवढा जिवंत होता, आणि शेवाळ त्याच्यापर्यंत येऊन पोचलं होतं.

ती नणंदेच्या दाराशी गेली. "वन्सं, चुकले मी. पोवळं खाणारा माझ्याच भावाने आणला होता आणि मी तुम्हाला बोल लावला. गोगलगायी पुन्हा आणून द्याल?"

नणंदेने दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. "सगळ्यांसमोर माझा पाणउतारा केलात, वहिनी. तुमच्या आईची आठवण माझ्या डोळ्यांत खुपते म्हणालात. ते मी विसरणार नाही. पोवळ्याने माझं काही बिघडवलेलं नाही, म्हणून येते. कुठल्या घ्यायच्या ते दाखवीन. वाकून वेचायच्या मात्र तुम्हीच."

ओहोटीला राणी अनवाणी खडकांवर उतरली. खडकांना चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी तिचे पाय कापले. काठावरून नणंद खेकसत होती, "ती नको, ती मांस खाते! बाजूची घ्या! अहो, हळू, चिरडाल तिला!" राणी निमूटपणे सांगितलं तेच करत होती.

तुकडा वाचला. पण पोवळं फार सावकाश वाढतं. राणीचे केस पांढरे झाले, तरी आईने दिलं होतं तेवढं ते पुन्हा कधी झालं नाही. आणि नणंद तिच्याशी बोलायची, ती फक्त हौदाच्या कामापुरतीच.

तात्पर्य: दोषी शोधायला निघालात, तर पहिला प्रश्न आपल्या लाडक्याला विचारा.