डोमाजीबाबांचा गुडघा

"म्हणजे आजही निघायचं नाही?"

यशोधनने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. डोमाजीबाबा वाळूत पाय पसरून गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

"गुडघा दुखून राह्यला, बापू."

झालं. म्हाताऱ्याने पुढे बोलायला जागाच ठेवली नाही.

डोमाजीबाबा म्हणजे वैनगंगेकाठचे जुने ढिवर. सगळा जन्म होडीत, मासेमारीत गेला. यशोधन खानझोडे नागपूरचा, बँकेत नोकरीला. वैनगंगेतून निघायचं, पुढे प्राणहिता, मग गोदावरी, आणि दोन माणसांच्या हलक्या होडीतून थेट समुद्र गाठायचा, अशी त्याची मोहीम. मला नदी शिकवा, म्हणून तो बाबांच्या पाया पडला होता. बाबांनी ना हो म्हटलं ना नाही. वल्हं घेतलं आणि होडीत येऊन बसले. आता शिष्य म्हणवून घेत असला तरी पठ्ठ्या मनातून स्वतःला गुरूपेक्षा दोन बोटं वरच समजत होता. जिममध्ये कमावलेले दंड होते ना!

त्याची घाई मात्र उगाच नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वी तो असाच नर्मदेवर निघाला होता, आणि नवव्या दिवशी तापाने फणफणत, होडी टेम्पोत टाकून परत आला होता. तेव्हापासून मित्र त्याला 'टेम्पो' म्हणूनच हाक मारत. त्यांच्यासाठी ती गंमत होती, पण याच्या ते जिव्हारी लागलं होतं. या वेळी समुद्र पाहिल्याशिवाय परत येणार नाही, असं आईला सांगून तो घराबाहेर पडला होता.

आणि इथे अकरा दिवसांत चार दिवस नुसता मुक्काम. आधी बाबांची कंबर धरली. मग एका गावात कुणाचं तरी फाटलेलं जाळं विणून द्यायचं निघालं. आणि आता दोन दिवस हा गुडघा, आणि बाबांचं लंगडणं.

एक गोष्ट यशोधनने कुणालाच सांगितली नव्हती. सहाव्या दिवसापासून त्याच्या उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. सकाळी चहाचा कप तो डाव्या हाताने उचलायचा. बाबा तेव्हा नेमके दुसरीकडे बघत असायचे.

"बाबा, राग मानू नका," तो शेवटी म्हणाला. "तुमचं वय झालंय. तुम्ही इथून बसने घरी जा. मी एकटा जातो पुढे."

बाबांनी तेलाची बाटली बंद केली.

"जा," ते म्हणाले. "लोट होडी."

त्याने होडी लोटली, आत बसला, वल्हं पाण्यात घातलं. एक हात मारला. दुसरा मारला. तिसऱ्याला उजव्या हाताची बोटं आपोआप उघडली, आणि वल्हं पाण्यात पडून वाहू लागलं. त्याने बोटं मिटायचा प्रयत्न केला. मिटेनात. होडी प्रवाहाला आडवी झाली आणि खालच्या खडकांकडे सरकायला लागली. यशोधनची पाचावर धारण बसली.

मागे धप्पकन आवाज झाला. बाबा वाळूवरून धावत येऊन पाण्यात उतरले होते. सपासप हात मारत त्यांनी आधी होडीचा दोर पकडला, तिला काठाला लावलं, मग पुन्हा पोहत जाऊन वल्हं आणलं. आणि वल्हं खांद्यावर टाकून वाळूचा चढ असे चढून आले, की तरण्या माणसाने बघत राहावं.

लंगडायचं ते साफ विसरले होते.

यशोधनने ते पाहिलं. हा माणूस दोन दिवस कुणासाठी गुडघ्याला तेल चोळत होता, ते त्याला कळलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा धोतर पिळत उभे राहिले...

"बाबा."

"हं."

"हात चालत नाही माझा. पाच दिवस झाले." त्याने उजवा हात पुढे केला. "आज राहू या. उद्याही राहू या... मी नाही पोचत आता समुद्रापर्यंत."

बाबा त्याच्याशेजारी वाळूत बसले. त्याचा उजवा हात त्यांनी मांडीवर घेतला, तेलाची बाटली उघडली, आणि अंगठ्यापासून कोपरापर्यंत सावकाश चोळू लागले.

"आता पोचशीन," ते म्हणाले.