पेरलेलं उकरू नये

जपून या. त्या ओळीवर पाय देऊ नका, ते गवत नाही, ज्वारी आहे. आणि कणसाला हात लावायचा नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. मागे एक पाहुणे आले होते. चांगले शिकलेसवरलेले दिसत होते, पण निघताना त्यांच्या खिशातून कणीस डोकावत होतं. तेव्हापासून मी पाहुण्यांच्या मागून चालतो.

तर ही आमच्या बोरमळ्याच्या ख्रिस्ती मंडळीची दफनभूमी. नगरकडे अशा पुष्कळ आहेत, पण कबरींवर ज्वारी उभी असलेली दुसरी तुम्हाला सापडायची नाही. बाकीच्या गावांत मूठमूठ माती लोटतात, इथे बियाण्याची ज्वारी टाकतात. माणसाला ‘पुरलं’ असं इथे कोणी म्हणत नाही, ‘पेरलं’ म्हणतात. आलेलं पीक कापायचं नाही. पाखरं खातील ते खातील, उरलेलं जागीच झडतं. भिंतीपाशी ती लहानगी कबर दिसते ना, हे सगळं तिच्यापासून सुरू झालं. बांधालगतची नवी कबर आमच्या घरातली आहे. तिच्याकडे नंतर येऊ.

गोष्ट मी जुन्या माणसांकडून ऐकली. खरी किती आणि तिखटमीठ किती, ते मला विचारू नका. माझा तर पावसाच्या अंदाजावरही विश्वास नसतो.

तेव्हा मंडळी अगदी नवी होती म्हणे. लाजरसबाबा नावाचा म्हातारा तिचा पंच. नाव लाजरस, म्हणजे प्रभूने ज्याला कबरीतून हाक मारून उठवलं त्याचं. पण या आमच्या लाजरसचा स्वभाव असा की दूध पाहिलं की आधी पाणी शोधायचा. त्याचा एकुलता मुलगा वारला होता. घरात राहिली विधवा सून सारजा आणि तिची पाच-सहा वर्षांची मुलगी रिबका. म्हाताऱ्याचा जीव काय तो त्या नातीवर.

हस्ताचा पाऊस होऊन गेला, रानात ज्वारीची पेरणी सुरू झाली आणि रिबका तापाने गेली. सारजा त्या दिवशी पाभरीमागे चाड्यावर होती. चाडं म्हणजे पाभरीचं लाकडी तोंड; त्यात चालता चालता सारखं बी सोडावं लागतं, आणि त्या कामात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. निरोप आला तशी ती धावत घरी आली. पदराच्या ओट्यातलं बी सोडायचंही तिला भान नव्हतं.

मातीला गोरा पाद्रीसाहेब आला. माणूस भला होता, पण त्याच्या मराठीची गावभर चेष्टा चालायची. एकदा कोणा शेतकऱ्याला त्याने विचारलं होतं, “या वर्षी शेतात काय पुरलं?” बायका पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. त्या दिवशी कबरीपाशी त्याने वचन म्हटलं: जे नाशवंत ते पेरले जाते, जे अविनाशी ते उठवले जाते. लाजरसबाबाला वाटलं, साहेबाची जीभ पुन्हा घसरली. नातीच्या कबरीपाशी हसं नको म्हणून तो हळूच म्हणाला, “सायेब, पुरलं म्हना.” साहेबाला स्वतःच्याच जिभेचा भरवसा नव्हता. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, “होय, पुरले.” सगळ्यांनी दुरुस्त केलेलं ऐकलं. सारजाने पहिलं ऐकलं.

ती रडली नाही. संशयाला तेवढं पुरलं. मंडळीबाहेरचे भाऊबंद म्हणू लागले, नवा देव अंगावर आला, पोर गिळली आणि आईच्या डोळ्यांतलं पाणीही नेलं. मग कोणीतरी पाहिलं, ती रोज दिवस कलायच्या सुमाराला तांब्या घेऊन दफनभूमीकडे जाते. भाऊबंद म्हणाले, मुडदा जागवते. मंडळीतले म्हणाले, जुन्या रीतीने मेलेल्याला पाणी पाजते, ही ख्रिस्ती राहिलीच नाही. दोन्ही आळ्या एरवी एकमेकींचं तोंड बघत नसत, पण सारजावर बोट ठेवायला दोघींचं एकमत झालं.

लाजरसबाबा एक दिवस आडून पाहत राहिला. सून कबरीवर वाकून बोटांनी माती सारखी करत होती. म्हाताऱ्याच्या मनात आलं, हिने पोरीला काढून नेलं तर नाही? करणीला दिलं तर नाही? मला विचाराल तर त्याला संशय कमी होता आणि दुःख जास्त होतं. पण दुःखाला धरायला कोणाची तरी मान लागते, आणि सुनेची मान जवळ असते.

मंडळी बसली. ठरलं असं की सकाळी साहेबासमोर कबर उकरायची. आत पोर नसली तर सारजाला गावातून काढायचं. पोर असली तर पोरीला उचलून भिंतीबाहेर ठेवायचं आणि आईला मंडळीतून काढायचं. म्हणजे खरं काहीही निघो, सारजाची सुटका नव्हती.

सकाळी सगळे इथे जमले. लाजरसबाबाने कुदळ उचलली, आणि तशीच धरून राहिला. कबरीवर कोवळे कोंब आले होते, पाभरीने काढावेत तसे सरळ ओळीत.

“हे कोनी केलं?” त्याने विचारलं.

सारजा म्हणाली, “म्या. सायबांनी पेरली म्हून सांगितलं. मंग पेरल्यावर पानी नको का घालाया?”

“सायेब पुरलं म्हनले.”

तेव्हा साहेब पुढे आला. शब्द चाचपत बोलणारा तो माणूस त्या दिवशी अडखळला नाही असं सांगतात. “मी पेरले म्हणालो,” तो म्हणाला. “वचन तसेच आहे. माझे बरोबर होते. तुम्ही सुधारले आणि मी घाबरलो.”

तरी म्हाताऱ्याच्या हातातली कुदळ खाली येईना. संशय एवढ्या लवकर जात नाही, हे मी घरच्या अनुभवाने सांगतो. सारजाने त्याच्या पायांजवळ बसून कोंबांवर हात आडवा धरला.

“उकरू नका, मामंजी,” ती म्हणाली. “पेरलेलं उकरून बघितलं तर उगवत न्हाई. तुमी शेतकरी हाय, तुमास्नी ठावं हाय. ज्याचं रान हाय तो येईल कापनीला. तवर आपन वाट बघायची.”

कुदळ खाली पडली. म्हाताऱ्याने सुनेपुढे हात पसरला. तिच्या ओट्यात त्या दिवसाचं बी अजून होतं म्हणे. तिने मूठभर दिलं, त्याने ते ओळीच्या शेवटाला सोडलं. तेव्हा कुठे सारजा रडली. असं रडली की भिंतीपलीकडचे भाऊबंदही डोळे पुसायला लागले.

आता मी काय म्हणतो, ज्वारीच ती, पाणी घातलं तर उगवणारच, यात नवल कसलं? आणि त्या लहानग्या कबरीवर आजही दरवर्षी आपोआप उगवते म्हणतात, तर त्यासाठी मी स्वतः पाळत ठेवून बसलोय. नक्कीच कोणीतरी बाई गुपचूप बी टाकते. अजून सापडली नाही, एवढंच.

ती बांधालगतची कबर माझ्या बायकोची, ग्रेसची. तिला आणलं त्या दिवशी खड्डा खणायला माणूस बाहेरगावचा होता. त्याने विचारलं, “बाबा, आता पुरायचं ना?” जन्मभर या गोष्टीला नाकं मुरडलेला मी, पण माझ्या तोंडून निघालं, “पेरायचं म्हण.” मूठ सोडली आणि घरी आलो. नंतर बरेच दिवस मातीवर काही दिसेना. ठेवणीतलं बी होतं, किडकं असेल, पाखरांनी वेचलं असेल, नाहीतर सगळं थोतांडच असेल. एका सकाळी इथे बसलो आणि बघावं म्हणून बोट मातीत घातलं. मग सारजा आठवली. बोट काढून घेतलं आणि माती सारखी केली.

आजही रोज सकाळी येतो. तांब्याभर पाणी घालतो आणि बसतो. उकरत नाही.