चूळभर पाणी

एकदा एक मुलगी दूरदेशी शिकून घरी परतली, ती आईशी वाद घालायची तयारी करूनच. आईच्या जठरात कर्करोगाची गाठ होती आणि डॉक्टरांनी अख्खे जठर काढायला सांगितले होते. आई घाबरेल, नको म्हणेल, देवावर सोडेल. प्रत्येक हरकतीला मुलीजवळ उत्तर होते. आईने हरकत घेतलीच नाही. ती एवढेच म्हणाली, "तू म्हणशील तसं."

मुलीने शस्त्रक्रियेची तारीख ठरवून टाकली. पण आई जेवताना घास हातात धरून बसू लागली. विचारले की म्हणे, "काही नाही गं." मुलीच्या जिवाला घोर लागला. शेवटी ती गावातल्या वृद्ध वैद्यांना घरी घेऊन आली. लहानपणी तिला शिकवले होते ते त्यांनीच.

"गुरुजी, तुम्ही तरी तिला समजवा. शंभरातल्या किती जणी यातून..."

"पाण्याचा तांब्या आण," वैद्य म्हणाले. "आता चूळभर पाणी तोंडात घे. गिळायचं नाही, थुंकायचं नाही. मी परसात जाऊन येतो." आणि ते खरोखरच निघून गेले.

गाल फुगवून बसलेल्या लेकीला पाहून आईला हसू आले. "लहानपणी अशी गप्प बसली असतीस तर," ती म्हणाली. मग ती सूप पुढे ओढून तांदूळ निवडू लागली.

"पोटच काढलं, तर भूक लागते का गं?"

मुलीने उत्तर द्यायला मान उचलली. पाणी आड आले.

"आणि नाही काढलं, तर किती दिवस? दुखेल किती? तू इतक्या लांबून आलीस, म्हणून विचारलं नाही. तुला वाटेल, हिला जगायचंच नाही."

मुलीच्या लक्षात आले, भुकेचे उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही.

वैद्य परतले. तिने अंगणात जाऊन पाणी टाकले, तेव्हा ते हलक्या आवाजात म्हणाले, "तुझी माहिती खरी आहे. शस्त्रक्रिया करावी असं मलाही वाटतं. पण आल्यापासून या घरात तू एकटीच बोलते आहेस. घाबरलेलं माणूस फार बोलतं, पोरी. देह तिचा आहे. तिला हवं ते विचारू दे. मग ती हो म्हणो की नाही म्हणो, तू तिच्याजवळ राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने रुग्णालयात फोन केला. तारीख अजून पक्की धरू नका, आधी डॉक्टरांशी बोलायचे आहे, असे तिने सांगितले.

"काय विचारायचंय?" फोन जोडून दिल्यावर पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला.

मुलीने फोन आईच्या हाती दिला.