तीन टेकड्यांची पवनचक्की

पक्षी आपले राज्य स्वतः चालवीत असत त्या काळी, दरबारात एक वृद्ध बगळा उठून म्हणाला, “मी धवलराव पाणवठेकर, वय वर्षे एकोणीस. राज्याच्या खजिन्यातून पोपटांच्या टेकडीवर पवनचक्की उभारण्याचे काम माझ्याकडे आहे. मग लाकडे जाळणारी पिठाची गिरणी बंद होईल आणि धूर थांबेल.”

“चक्की पोपटांच्याच टेकडीवर का? कर आम्हीही भरतो, धवलराव!” कावळा कडाडला.

“तेथे वारा आहे.”

“आणि आमच्या वाट्याला काय, नुसता धूर?” घारीने टोला हाणला.

कोणाचाच रोष नको म्हणून धवलरावांनी चक्कीची तीन पाती पोपट, कावळे आणि घारी यांच्या तीन टेकड्यांना एकेक वाटून दिली. प्रत्येक टेकडीवर सत्कार झाला. गिरणी मात्र धूर ओकतच राहिली.

शेवटच्या सत्काराला सुगरण आपले खोकणारे पिल्लू घेऊन आली. “आजोबा, याला श्वास पुरत नाही. हे पाते फिरायचे कधी?”

“फिरायला कशाला हवे? शोभते आहे की!” कावळा हसला.

धवलरावांना गळ्यातला हार जड झाला. पिल्लाकडे पाहण्याचे धैर्य त्यांना होईना. “हे फिरणार नाही, बाई,” ते सर्वांसमक्ष म्हणाले. “मला ते ठाऊक होते.”

पुढे तिन्ही पाती पोपटांच्या टेकडीवर एकत्र बसवण्यात आली आणि गिरणीची भट्टी विझवण्यात आली.