कचेरीत बसलेली पागोटी

चिंचगडच्या राजानं दवंडी पिटवली. जो कोणी सरकारचं खातो, त्यानं दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत कचेरीत येऊन बसायचं. जो बसणार नाही त्याची चाकरी गेली, इनामाची जमीनही गेली.

मागं पटकीची साथ आली तेव्हा ह्याच राजानं घाबरून कचेरीला कुलूप घातलं होतं आणि आपापल्या घरी बसून कामं करा म्हणून सांगितलं होतं. कारकून ओसरीवर लिहू लागले, न्यायाधीश अंगणात बाजेवर बसून भांडणं तोडू लागले. कामं होत होती, उलट लवकर होत होती. साथ गेली, पण राजाला करमेना. रिकाम्या कचेरीत मुजरे कोण करणार? आणि त्याच्या त्याच त्या शिकारीच्या गोष्टींना हसणार कोण?

दिवाण त्रिंबकपंत भित्रा माणूस. सरकारचं खाणारे म्हणजे नेमके कोण, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. म्हणून जन्मात कधी कचेरीत न बसलेलेही आले. माहूत आला, आणि हत्तीला एकटं कुठं ठेवायचं म्हणून हत्तीही दारात उभा राहिला. वेशीवरचा पहारेकरी वेस सताड उघडी टाकून आला. सुईण आली, आणि तिला न्यायला आलेला अडलेल्या बाईचा नवराही तिच्या शेजारी बसून राहिला.

रायाजी नावाडीही आला. त्याची नाव दोघांशिवाय हलत नसे. सुकाणूवर तो, वल्ह्यावर त्याची लेक हौसा. बाप कचेरीत बसला तशी नाव खुंटाला बांधलेली राहिली. पलीकडच्या काठावर भाजीवाल्या बोंबलून दमल्या, एक नवरदेव बाशिंग बांधून वाळूत बसला. आणि रायाजीनं जायचं नाही म्हटलं, तर नाव आणि काठावरचं इनामाचं शेत दोन्ही सरकारजमा.

संध्याकाळी बापाचे आखडलेले गुडघे चोळता चोळता हौसानं विचारलं, दिवसभर काय केलंस. रायाजी म्हणाला, बसलो. आणखी? सकाळी मुजरा केला, संध्याकाळी मुजरा केला.

"मुजरा कुणाला? राजाला तर दवंडी व्हताच आपणच पल्याड सोडला शिकारीला."

"गादीवर त्याचा मंदील ठेवलाय, जरीचं पागोटं. जुनी रीत हाय ती. राजा भाईर गेला की मंदील बसतो. मंदील म्हंजे राजाच."

हौसानं गुडघे चोळणं थांबवलं. मग उठून तिनं खुंटीवरचं बापाचं पागोटं काढलं.

"बा, उद्या तू नावंवर चल. ह्याला जाऊ दे कचेरीत."

रायाजी भडकला. बोडक्या डोक्यानं माणूस फिरला तर लोक विचारतील, घरात कोण मेलं म्हणून! हौसा म्हणाली, विचारू देत, सांगू की कुणी न्हाई.

सकाळी तिनं पागोटं बापाच्या जागेवर नीट बसवलं आणि रायाजी नावाडी हजर आहे म्हणून सांगितलं. दिवाणानं तोंड उघडलं, गादीवरच्या मंदिलाकडं पाहिलं आणि मिटलं. कालपासून तो स्वतः कुणापुढं वाकत होता?

बाकीच्यांनी ते पाहिलं. दोन दिवसांत कचेरी पागोट्यांनी भरली आणि माणसं कामाला लागली. माहुतानं स्वतःचं पागोटं ठेवलं, हत्तीची म्हणून झूल ठेवली. सुईणीला पागोटं कुठलं? तिनं मेलेल्या नवऱ्याचं पाठवलं. तो जिवंतपणी एवढा वेळ कामावर कधी टिकला नव्हता.

राजा शिकारीहून परत आला. नावेत बसला आणि सुकाणूवरचं बोडकं डोकं बघून चपापला. कोण गेलं रे, म्हणाला. हौसा म्हणाली, कुणी न्हाई महाराज, समदी धडधाकट हायेत. वेशीवर पहारेकरी बोडका. पुढं माळी बोडका, माहूत बोडका. राजाच्या मनात आलं, राणीसाहेबच गेल्या की काय! वाड्यात धावत शिरला तर त्या सज्जात बसून बोरं खात होत्या. तिथून कचेरीत आला तर एक माणूस नाही. नुसती पागोटी. मधे एकटा दिवाण.

राजा कडाडला तसं दिवाणानं हौसाचं नाव सांगून टाकलं. तिला बोलावणं गेलं, बापही मागून आला.

राजा म्हणाला, "तुझा बाप कचेरीत आहे म्हणतेस? मग त्याच्या पागोट्यानं काम करून दाखवावं, आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत. नाही दाखवलं तर दिवस मावळायच्या आत नाव, शेत जप्त आणि तुम्ही दोघं हद्दपार!"

हौसा दिवाणाकडं वळली.

"दिवाणजी, तुमी तर इथंच व्हता. गादीवरच्या मंदिलानं आमच्या पागोट्याला काय काय कामं सांगितली?"

दिवाणानं घाम पुसला. "काही नाही. एकही नाही."

"चाकर हुकमाबिगर कसा हालंल, महाराज? मंदिलानं जेवढं सांगितलं, तेवढं समदं पागोट्यानं केलं. एक काम बाकी न्हाई. खोटं वाटत आसंल तर इचारा की तुमच्या मंदिलाला."

राजा खरोखरच मंदिलाकडं वळला. विचारायला म्हणून वाकलासुद्धा. मग त्याचं त्यालाच कळलं आपण काय करतोय ते, आणि तो तसाच गादीवर कोसळून हसत सुटला. पोट धरून हसला, डोळ्यांतून पाणी येईतो हसला. दिवाणही हसला, पण राजाकडं बघून, बेतानं.

राजे लोक दिलेला हुकूम मागं घेत नाहीत, तसा त्यानंही घेतला नाही. पागोटं आलं तरी चालेल, एवढंच पुढं जोडलं. काठावरचं शेत हौसाच्या नावानं कायमचं करून दिलं आणि तो जरीचा मंदील उचलून रायाजीच्या डोक्यावर ठेवला.

रायाजीला काही तो पेलला नाही. सुकाणू धरताना सारखा डोळ्यांवर यायचा. शेवटी हौसानं तो नावेच्या टोकाला बसवून टाकला. तेव्हापासून नावेत पाय ठेवणारा जो तो आधी वाकून मुजरा करायचा, आणि दिवाण नावेत चढला की तो सगळ्यांत खाली वाकायचा.