बांधातली बिळं

फार पूर्वी, भाताच्या वरच्या खाचरातल्या एका खेकडीने कुणाचं तरी अर्धंच बोलणं ऐकलं, “खालचे खेकडे बांध फोडणार...” आणि लगेच खाचरभर केलं.

“त्यांच्या आधी आपणच बांधात बिळं खणू, पहारा बसवू!” मुखिया नांगोजी गरजला.

“अहो भाऊजी, पाणी वाहून गेलं तर माझी पिल्लं जगतील कशी?” भावजय गोदाने विचारलं.

“संरक्षणातलं तुम्हाला काय कळतंय, वहिनी!”

खणण्याचा आवाज ऐकून खालचेही घाबरले आणि आपल्या बाजूने पोखरू लागले. दोन्हीकडच्या शहाण्यांची बिळं मधोमध भेटली आणि बांध खचला. वरचं खाचर कोरडं पडलं, खालचं गाळाने भरलं.

“बघा, फोडलाच की नाही त्यांनी!” नांगोजी ऐटीत म्हणाला.

पिल्लांना पोटाशी घेऊन गोदा ओढ्याकडे निघाली होती. “बांध फुटला, एवढं खरं निघालं, भाऊजी. पण पहिलं बीळ तुमचं होतं.”